टर्मिनलमध्ये मराठी तुटते, निळी नावं दिसत नाहीत, सेटिंग टिकत नाही: नेमकं कुठे बघायचं

इंदुरात रामबाग किंवा नारायणबागेतल्या एखाद्या मंडळाच्या कार्यालयातला संगणक धरा. १३६६ बाय ७६८चा पडदा, त्यावर उबुंटू लिनक्स, सभासदांची यादी आणि कार्यक्रमांचे फोल्डर मराठी नावांनी ठेवलेले. तक्रार येते ती एकाच वाक्यात: "भिया, टर्मिनल नीट दिसत नाही." (टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी.) मग कुणीतरी थीम बदलून देतं, चार दिवस बरं वाटतं आणि तक्रार परत येते.

परत येण्याचं कारण असं, की "नीट दिसत नाही" या एका वाक्याखाली तीन वेगळे बिघाड असतात. अक्षरांचं एन्कोडिंग, म्हणजे ती आकड्यांत साठवायची पद्धत, चुकलेलं असतं, किंवा फॉन्ट चौकटीत बसत नसतो, किंवा रंगांची जोडी वाईट असते. थीम बदलल्याने यातला फक्त तिसरा बिघाड हलतो, तोही नेहमी नाही. म्हणून आधी बिघाड कुठल्या थरातला ते ओळखा, मग हात लावा.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत; फक्त लोकेलमधले लँग आणि एलसी-ऑल, तसंच पीएस१ मोठ्या अक्षरांत.)

ओळखायची रीत सोपी आहे. टर्मिनलमध्ये एको लिहून पुढे "अहिल्या छत्र्या वाऱ्यावर" असे तीन शब्द चिकटवा आणि एंटर दाबा. प्रश्नचिन्हं किंवा आकडे आले तर एन्कोडिंग. रिकामे चौकोन आले तर देवनागरी फॉन्टच नाही. अक्षरं ओळखू येतात पण ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी आणि जोडाक्षरं पाय मोडून आलेली, तर चौकटीचा प्रश्न. आणि हे तिन्ही शब्द ठीक असून फक्त काही नावं वाचता येत नसतील तर रंग.

प्रश्नचिन्हं आणि तीन-तीन आकड्यांच्या रांगा

एलएस (फोल्डरमधली नावं दाखवणारी आज्ञा) दिल्यावर फोल्डरच्या नावाऐवजी उलट्या तिरक्या रेघा आणि ३४०, २४४, २०५ असे आकडे दिसले तर फाइलचं नाव खराब झालेलं नाही. 'अ' हे अक्षर यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये तीन बाइटांचं असतं, आणि अष्टमान पद्धतीत ते तीन बाइट म्हणजे नेमके ३४०, २४४, २०५. देवनागरीचं कुठलंही अक्षर ३४० आणि त्यापुढे २४४ किंवा २४५ असंच सुरू होतं. ही जोडी वारंवार दिसली की समजायचं: नाव शाबूत आहे, ते वाचणाऱ्या प्रोग्रामला भाषा कळलेली नाही. अशा वेळी नाव "दुरुस्त" करायला जाऊन फोल्डरला नवं नाव देऊ नका.

लोकेल ही आज्ञा द्या; ती संगणकाचं भाषेचं सेटिंग दाखवते. लँगसमोर नुसतं सी किंवा पॉझिक्स लिहिलेलं असेल तर कारण सापडलं. उबुंटू-डेबियनवर सुडो अपडेट-लोकेल देऊन लँगची किंमत इंग्रजी-भारत, यूटीएफ-८ अशी ठेवा (लहान ईएन, अंडरस्कोर, मोठं आयएन, डॉट, मोठं यूटीएफ-८). फेडोरावर हेच काम लोकेलसीटीएल करते. नंतर लॉग आउट करून परत आत या. खिडकी बंद करून उघडणं पुरत नाही, कारण सत्र जुन्याच किमती पुढे देत राहतं.

मराठी-भारत का नाही? तेही चालतं, अक्षरं दोन्हींत सारखीच दिसतात. पण मराठी ठेवलं तर तारखा आणि काही संदेश मराठीत येऊ लागतात, आणि एखादी त्रुटी आली की ती ओळ शोधून उपाय सापडत नाही. कामाच्या संगणकावर इंग्रजी-भारत बरं.

हे करूनही लोकेल जुनीच किंमत दाखवत असेल तर एलसी-ऑल बघा. ते एलसीच्या बाकी सगळ्या किमतींवर आणि लँगवर कुरघोडी करतं. कुणीतरी कधीतरी बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) एलसी-ऑल बरोबर सी अशी ओळ टाकून ठेवलेली असते, ती काढा.

दुसऱ्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या यंत्रात शिरायची आज्ञा) गेल्यावरच अक्षरं मोडत असतील तर तुमचं यंत्र ठीक आहे. उबुंटू-डेबियनचा एसएसएच आपली भाषेची किंमत पलीकडे पाठवतो, आणि पलीकडे ती भाषा तयार केलेली नसली की लोकेल बसवता आलं नाही अशी कुरकूर सुरू होते. पलीकडच्या यंत्रावर ईटीसीतल्या लोकेल डॉट जेन या फाइलमधली त्या भाषेची ओळ उघडी करा, म्हणजे सुरुवातीचं हॅश चिन्ह काढा, आणि सुडो लोकेल-जेन चालवा. तिथे सुडोचा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकार नसेल तर त्या सत्रापुरती लँगची किंमत सी डॉट यूटीएफ-८ ठेवा; आजच्या बहुतेक सर्व्हरांवर ती तयार असते.

गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारा प्रोग्राम) मात्र सगळं ठीक असूनही फाइलींची नावं ३४०-२४४ अशीच दिसतात. तो गिटचा मूळ स्वभाव आहे. गिट कॉन्फिग, ग्लोबल, कोअर डॉट कोटपाथ, फॉल्स: एवढी एक आज्ञा एकदाच द्यायची.

आणखी एक प्रकार इंदुरात हमखास भेटतो. फाइल उघडली की आत रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांची खिचडी. ही फाइल कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. त्या फाइलीत देवनागरी नाहीच. रोमन अक्षरांवर देवनागरी चित्रं चढवलेली होती. टर्मिनलचं कुठलंही सेटिंग तिला वाचतं करणार नाही. आधी त्या त्या फॉन्टच्या रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणा, आणि मूळ फाइल जपून ठेवा; जोडाक्षरांत आणि रफारात रूपांतरक चुकतात.

वेलांटी पळते, जोडाक्षर तुटतं

इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

टर्मिनल म्हणजे चौकटींचं जाळं, सुरुवातीला सहसा ८० स्तंभ आणि २४ ओळींचं. प्रत्येक चौकट सारख्या रुंदीची. रोमन अक्षर एका चौकटीत एक बसतं, हिशेब संपला. देवनागरीत 'अहिल्या' घ्या. आपल्याला त्यात तीन अक्षरं दिसतात: अ, हि, ल्या. संगणकात साठवलेले घटक मात्र सात: अ, ह, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, य, काना. बाइट मोजले तर २१. आणि पडद्यावर चौकटी किती, याचा हिशेब सहसा ६ असा निघतो, कारण हलन्ताला शून्य रुंदी देतात पण वेलांटीला आणि कान्याला एकेक चौकट देतात. खात्री करायची तर प्रिंटएफने हा शब्द डब्ल्यूसीकडे पाठवा: लहान सीने बाइट, लहान एमने घटक, मोठ्या एलने रुंदी कळते.

आता टर्मिनल जर प्रत्येक घटक आपापल्या चौकटीत सुटा काढत असेल तर वेलांटी 'ह'च्या आधी न येता नंतर येते, कारण साठवणीत ती नंतर आहे. हलन्त दिसत राहतो, 'ल्या' जुळत नाही. उलट जो टर्मिनल अख्खा शब्द जुळवून काढतो त्यात शब्द सुंदर दिसतो, पण तो सहा चौकटींपेक्षा कमी-जास्त जागा घेतो आणि कर्सर अक्षरापासून सरकून उभा राहतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी अचूक मिळणं अवघड आहे. हा फॉन्टचा दोष नाही, म्हणून दहा फॉन्ट बसवून पाहण्यात अर्थ नाही.

मग काय करायचं? आधी आवृत्ती बघा. जुन्या ग्नोम टर्मिनलपेक्षा अलीकडच्यात देवनागरी पुष्कळ सुधारली आहे. कित्येकदा नुसती प्रणाली अद्ययावत केल्याने वेलांटी जागेवर येते. केडीईचं कॉन्सोल अक्षरं चांगली जुळवतं, कर्सर मात्र घसरतो. मराठी मजकूर टर्मिनलमध्ये रोजच वाचायचा असेल तर एमएलटर्म बसवून पाहा. तो बहुभाषी लिप्यांसाठीच लिहिलेला आहे आणि डेबियन-उबुंटूच्या भांडारात मिळतो. दिसायला जुनाट आहे, पण 'छत्र्या' आणि 'वाऱ्यावर' नीट दिसण्याला आम्ही गोल कोपऱ्यांच्या खिडकीपेक्षा जास्त किंमत देतो.

रिकामे चौकोन येत असतील तर मात्र फॉन्टच लागतो. एफसी-लिस्ट देऊन पुढे कोलन (:) आणि लँग बरोबर एमआर लिहा. यादी रिकामी आली तर नोटो किंवा लोहित बसवा. लोहितचा देवनागरी आणि मराठी असे दोन वेगळे फॉन्ट आहेत. मराठीवाल्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. मध्य प्रदेशात घेतलेल्या संगणकावर बहुधा हिंदीचाच आधार घातलेला असतो, त्यामुळे हा फरक इथे लवकर डोळ्यांत भरतो.

फॉन्टची पसंती ठरवताना एक चूक सर्रास होते: टर्मिनलच्या सेटिंगमध्ये थेट नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित निवडला जातो. हे फॉन्ट समान रुंदीचे नाहीत. तो मुख्य फॉन्ट झाला की चौकटीची रुंदी त्यावरून मोजली जाते, आणि रोमन अक्षरं एक तर विखुरतात किंवा एकमेकांवर चढतात. मुख्य फॉन्ट समान रुंदीचा रोमनच ठेवा, उदाहरणार्थ डेजावू सॅन्स मोनो, आकार १२ ते १४. देवनागरी त्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर उभी करायची. त्यासाठी होममधल्या डॉट कॉन्फिग फोल्डरात फॉन्टकॉन्फिग नावाचं फोल्डर करून त्यात फॉन्ट्स डॉट कॉन्फ ही फाइल ठेवा. तिच्यात मोनोस्पेस या नावासाठी एलियास लिहा आणि प्रेफरच्या यादीत पहिला डेजावू सॅन्स मोनो, दुसरा लोहित मराठी असा क्रम द्या. क्रम उलटा झाला की वरचाच घोळ परत. नंतर एफसी-कॅश, डॅश एफ, आणि टर्मिनलच्या सगळ्या खिडक्या बंद करून नवी उघडा. टर्मिनलमध्ये फॉन्ट मोनोस्पेस याच नावाने निवडलेला असला तरच हा एलियास लागू होतो. उबुंटू मोनो निवडला असेल तर एलियासही त्याच नावाचा लिहावा लागेल.

वरच्या मात्रा आणि अनुस्वार कापले जात असतील, किंवा उकार खालच्या ओळीत घुसत असतील, तर ओळीची उंची वाढवा. ग्नोम टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या मजकूर पानावर चौकटीचं अंतर रुंदी आणि उंची असं वेगवेगळं देता येतं, १ ते २ पर्यंत. उंची १.२ पुरते. रुंदी १.१च्या पुढे नेऊ नका. रोमन शब्द फाटल्यासारखे दिसतात आणि ८० स्तंभ पडद्यात मावत नाहीत.

मराठी नावं टाइप करताना कर्सर घसरतोच, आणि बॅकस्पेस अख्खं अक्षर न खाता एकेक घटक खातो: 'छत्र्या'चा आधी काना जातो, मग य. ओळीचा गोंधळ झाला की कंट्रोल-यू दाबून ओळ साफ करा, सरकत सरकत दुरुस्त करू नका. त्याहून बरं म्हणजे फोल्डरच्या मराठी नावाआधी इंग्रजी आकडे घाला, शून्य-एक, शून्य-दोन असे. आकडा टाइप करून टॅब दाबला की पुढचं मराठी नाव आपोआप भरतं, कीबोर्ड बदलायला नको. लांब मराठी मजकुराचं संपादन मात्र टर्मिनलमध्ये करूच नये. त्याला साधा टेक्स्ट एडिटर आहे.

काळ्यावर निळं

एलएस फोल्डरची नावं ठळक निळ्या रंगात दाखवतो. त्याच्या रंगांच्या तक्त्यात फोल्डरसमोर ०१;३४ असं लिहिलेलं असतं: ०१ म्हणजे ठळक, ३४ म्हणजे निळा. पूर्वी बहुतेक टर्मिनल ठळक अक्षर आपोआप उजळ छटेत काढत, त्यामुळे ३४ लिहूनही फिकट निळा दिसे. ग्नोम टर्मिनलने पुढे ही सवय मूळ सेटिंगमध्ये बंद केली. आता ठळक निळा म्हणजे जाड रेघांचा तोच गडद निळा. अद्ययावत केल्यावर फोल्डर दिसेनासे झाले, या तक्रारीचं हे मूळ.

वाचनीयतेला मोजमाप आहे. वेबच्या सुलभता नियमांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका उजेडाचा फरक मागितला आहे. लिनक्स कन्सोलचा जुना निळा (लाल ०, हिरवा ०, निळा १७०) काळ्यावर जेमतेम १.६ : १ भरतो. टँगो रंगसंचातला साधा निळा (५२, १०१, १६४) ३.५ला अडतो. त्याच संचातला उजळ निळा (११४, १५९, २०७) ७.६ : १ देतो. म्हणजे संच बदलायची गरज नाही, त्यातली उजळ छटा वापरायला लावली की झालं.

दोन मार्ग आहेत. प्रोफाइलच्या रंग पानावर टँगो संच निवडून "ठळक मजकूर उजळ रंगात" हा पर्याय चालू करणं हा पहिला. तो झटपट आहे, पण सोलराइज्ड हा रंगसंच वापरणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये: त्या संचात उजळ रंगांच्या बहुतेक जागा राखाडी छटांनी भरलेल्या आहेत आणि गडद रूपात उजळ काळा हा थेट पार्श्वभूमीचाच रंग आहे. ठळक मजकूर तिथे बहुधा राखाडी होतो, काही ठिकाणी पूर्ण गायब.

दुसरा मार्ग टिकाऊ. डिरकलर्स, डॅश पी, आणि त्याचं उत्तर होममधल्या डॉट डिरकलर्स या फाइलीत वळवा. फाइल उघडून डीआयआरच्या ओळीत ०१;३४च्या जागी ०१;९४ करा. ९४ म्हणजे नावानिशी मागितलेला उजळ निळा. ठळकच्या सेटिंगशी त्याचा संबंध उरत नाही. उबुंटूची बॅशआरसी ही फाइल असली तर आपणहून वाचते, वेगळी ओळ लिहावी लागत नाही. नवी खिडकी उघडली की बदल दिसतो.

त्याच फाइलीत अदर-रायटेबल नावाची ओळ आहे, ३४;४२, म्हणजे हिरव्यावर निळं. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचे फोल्डर जोडले की हेच दिसतं, कारण तिथे सगळ्यांना लिहिण्याची परवानगी असल्याचं लिनक्स धरून चालतो. टँगोत ही जोडी १.७ : १ भरते. ३०;४२ केलं तर हिरव्यावर काळं होऊन इशाऱ्याचा रंगही राहतो आणि नावही वाचता येतं.

खिडकीजवळचा संगणक असेल तर गडद पार्श्वभूमीचा हट्ट सोडा. मालव्यातल्या मे महिन्याच्या दुपारी काळ्या पडद्यावर आधी आपलाच चेहरा दिसतो. पांढऱ्यावर काळं घ्या आणि पारदर्शकता शून्य. मात्र तेव्हा वरचा सगळा हिशेब उलटतो: टँगोचा उजळ निळा पांढऱ्यावर २.८ला येतो आणि साधा निळा ५.९ला. म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी डीआयआर परत ०१;३४ करायचं आणि ठळक-उजळ पर्याय बंद. पिवळा तर पांढऱ्यावर टाकूनच द्यावा. उजळ पिवळा १.२ : १ भरतो, म्हणजे इशारा आला तरी दिसत नाही.

विमची (टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर) तक्रार बहुतेक वेळा वेगळी निघते. पार्श्वभूमी गडद की फिकट याचा अंदाज विम स्वतः करतो आणि टीमक्सच्या (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) आत हमखास चुकतो. विमआरसीत सेट बॅकग्राउंड बरोबर डार्क लिहा. टीमक्समध्ये टीपुट कलर्सने ८ असं उत्तर दिलं तर टीमक्सच्या कॉन्फमध्ये डिफॉल्ट-टर्मिनलसमोर टीमक्स-२५६कलर ठेवा.

लांब आज्ञा स्वतःवरच चढते

प्रॉम्प्टला, म्हणजे आज्ञेआधी दिसणाऱ्या मजकुराला, रंग दिल्यानंतर हे सुरू होतं. आज्ञा ओळीच्या टोकाला पोचली की खाली न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीवर छापली जाते. हिरव्या ठळक रंगाचा संकेत एस्केपसह आठ चिन्हांचा असतो, आणि बॅश ती आठ चिन्हं पडद्यावर दिसतात असं धरून जागा मोजतो. प्रॉम्प्ट ठरवणाऱ्या पीएस१मधला प्रत्येक रंगसंकेत उलटी तिरकी रेघ-उघडा चौकोनी कंस आणि उलटी तिरकी रेघ-बंद चौकोनी कंस यांच्या मध्ये घाला. शेवटचा, रंग मूळपदावर आणणारा संकेतही. तोच विसरला जातो.

चुकून एखादं चित्र कॅटने उघडल्यावर पडदा चिन्हांनी भरला आणि टाइप केलेलं दिसेना, तर न बघता रीसेट लिहा आणि एंटर. एंटरने काही झालं नाही तर कंट्रोल-जे.

काल केलं, आज पुन्हा तसंच

कंट्रोल-शिफ्ट-अधिकने अक्षरं मोठी केली असतील तर ती टिकणारच नाहीत. तो फक्त त्या खिडकीचा झूम असतो. आकार प्रोफाइलमध्येच बदलावा लागतो, आणि तिथे आधी "स्वतंत्र फॉन्ट" या खुणेत टिक हवी. रंगांचंही तसंच: "प्रणालीच्या थीमचे रंग" ही टिक राहिली तर खालचे तुमचे रंग नुसते शोभेला. प्रोफाइल दोन असतील तर बदल एकात आणि नवी खिडकी दुसऱ्यात उघडते. जे हवं त्याला डिफॉल्ट करा.

प्रणालीची मोठी आवृत्ती बदलल्यावर सगळंच पुसलं गेलं असेल तर बहुधा ते पुसलेलं नाही, टर्मिनलच दुसरं आलं आहे. फेडोरा ४१ पासून आणि उबुंटू २५.१० पासून ग्नोम टर्मिनलच्या जागी टिक्सिस हा प्रोग्राम मिळतो, आणि तो जुन्या टर्मिनलची प्रोफाइलं उचलत नाही. जुनं टर्मिनल भांडारातून परत बसवलं तर जुनं सेटिंग तसंच सापडतं.

ग्नोम टर्मिनलचं सगळं सेटिंग डीकॉन्फमध्ये (ग्नोमचं सेटिंगचं कोठार) असतं, ऑर्ग-ग्नोम-टर्मिनल या वाटेवर. डीकॉन्फ डंपला ती वाट देऊन उत्तर एका फाइलीत वळवा. वाटेच्या सुरुवातीची आणि शेवटची तिरकी रेघ दोन्ही हव्यात, नाहीतर आज्ञा अडते. डीकॉन्फ लोडला तीच वाट आणि तीच फाइल दिली की दुसऱ्या संगणकावरही सगळं जसंच्या तसं उतरतं. त्या फाइलीसोबत डॉट डिरकलर्स, डॉट बॅशआरसी आणि फॉन्ट्स डॉट कॉन्फ ठेवा, कारण डीकॉन्फ या तिघांना हात लावत नाही. लोड करताना त्या संगणकावरची आधीची प्रोफाइलं दबली जातात, तेव्हा तिथला डंप आधी काढून मगच लोड करा.